प्रयोगशाळेत पाऊल ठेवण्याआधी: वैद्यकीय संशोधकांबरोबर कलाकृती करू पाहणाऱ्यांसाठी

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये २४ क्रमांकाच्या दालनात एका लांबलचक काचपेटीत जाळीदार कापडाच्या दोन पट्ट्या मांडल्या आहेत. जाळीच्या खिशाखिशांत गोळ्या आहेत, एकेका पट्टीत १४,००० हून जास्त. ब्रिटनमधल्या एका बाईला आणि एका पुरुषाला जन्मभरात डॉक्टर सरासरी एवढी औषधं लिहून देतात. २००३ सालचं हे काम वस्त्रकलाकार सूझी फ्रीमन, व्हिडिओ कलाकार डेव्हिड क्रिचली आणि डॉक्टर लिझ ली या तिघांचं. गोळ्यांचा हिशोब डॉक्टरकडचा, वीण कलाकाराकडची.

चित्रकार, शिल्पकार, विणकर, छायाचित्रकार किंवा ध्वनीवर काम करणारे म्हणून तुम्हालाही या वाटेनं जायचं असेल, तर एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. कलाकार आणि संशोधक अशा दोघांचं वाटणारं हे काम रुग्णालाही धरून असतं. तो बैठकीला नसतो, पण पेशी त्याच्या, एक्स-रे त्याचा, दुखणंही त्याचंच. प्रकल्प रखडतात ते बहुतेक वेळा त्याला गृहीत धरल्यामुळे.

आधी प्रश्न, मग संशोधक

"मला विज्ञानावर काहीतरी करायचंय" एवढंच घेऊन गेलात तर संशोधक तुम्हाला परिषदेचं पोस्टर रंगवायला देईल. त्यात वाईट काही नाही. वैद्यकीय चित्रण हा स्वतंत्र आणि मेहनतीचा पेशा आहे. पण ते सहयोगातलं नवं काम नव्हे. म्हणून जाण्याआधी दोन-तीन ओळींत प्रश्न लिहा. प्रश्न असा हवा की तो तुमच्या माध्यमातून पाहता येईल आणि संशोधकालाही छळत असेल.

उदाहरण म्हणून ल्यूक जेरम या ब्रिटिश कलाकाराचं काम पाहा. विषाणूंची चित्रं सगळीकडे लाल, हिरवी, जांभळी दिसतात. प्रत्यक्षात विषाणू प्रकाशाच्या तरंगलांबीहून लहान असतो, त्याला रंगच नसतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून येते ती करडी प्रतिमा आणि रंग मागाहून संगणकावर भरलेले असतात. जेरम स्वतः रंगांध. हे भरलेले रंग बघणाऱ्याच्या मनात काय करतात, हा त्याचा प्रश्न. २००४ पासून ब्रिस्टल विद्यापीठातल्या विषाणुतज्ज्ञाशी चर्चा करत त्यानं एचआयव्ही, देवी आणि इतर विषाणू पारदर्शक, बिनरंगी काचेत घडवून घेतले. काचकामात आकार नेमका ठरवावा लागतो. विषाणूच्या आतली रचना नक्की कशी बसते, याबद्दल शास्त्रज्ञांकडे तेव्हा काही ठिकाणी ठाम उत्तर नव्हतं, ते अशा वेळी उघडं पडतं. संशोधकाला सहयोगातून मिळतं ते हे. त्याला "तुमच्या कामाची प्रसिद्धी होईल" असं सांगू नका. प्रसिद्धीसाठी त्याच्या संस्थेत वेगळा माणूस असतो.

माणूस कसा गाठावा

संस्थेच्या संकेतस्थळावरून थेट संचालकांना पत्र धाडू नका. ते पत्र तीन टेबलं फिरतं आणि चौथ्यावर झोपतं. त्या विषयावर अलीकडे शोधनिबंध लिहिलेल्या गटाचं नाव शोधा, निबंधाचा सारांश आणि सगळ्या आकृत्या नीट पाहा, मग गटप्रमुखाला लिहा. पीएच.डी. करणारे विद्यार्थी बऱ्याचदा जास्त उत्साही असतात आणि सूक्ष्मदर्शकावर रोज तेच बसतात; पण परवानगीची सही गटप्रमुखाचीच लागते, त्यामुळे त्यांना वगळून सुरुवात करू नका. महाराष्ट्रात पुण्याची राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था, खारघरचं टाटा स्मारकचं संशोधन केंद्र, परळची हाफकिन संस्था आणि वैद्यकीय महाविद्यालयांचे पॅथॉलॉजी, रेडिओलॉजी, कम्युनिटी मेडिसिन विभाग या नजरेसमोर ठेवण्यासारख्या जागा.

पहिली मेल पंधरा ओळींच्या आत. साधारण अशी:

"डॉ. … यांना सप्रेम नमस्कार. मी कापड आणि भरतकामात काम करते. जखम भरून येताना त्वचेतल्या तंतूंची मांडणी बदलते, यावरचा आपल्या गटाचा निबंध वाचला. आकृती ३ मधली तंतूंची वीण आणि रफू करताना पडणारी वीण यांत मला साम्य दिसलं, आणि एक शंकाही आहे. आपल्याला सोयीची अशी ३० मिनिटं मिळाली तर येऊन भेटेन. या टप्प्यावर रुग्णांची माहिती किंवा नमुने मला नको आहेत. सोबत माझ्या ५ कामांची चित्रं आहेत."

यातलं सगळ्यात कामाचं वाक्य शेवटून दुसरं. डॉक्टरच्या मनातली पहिली धास्ती तेच दूर करतं. चित्रांची जोडणी ५ एमबीच्या आत ठेवा. सरकारी संस्थांच्या मेलपेट्या मोठ्या जोडण्या परत पाठवतात. उत्तर आलं नाही तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण करा, मग दुसरा गट पाहा.

बघण्याचे दिवस

भेट जमली तर निदान पाच-सहा दिवस नुसतं बघायला मागून घ्या, सलग नसले तरी चालतील. बंद बूट घाला, केस बांधा, ओढणी किंवा मफलर बाहेर ठेवा. आत खाणंपिणं नाही, ब्रश किंवा पेन्सिल तोंडात धरायची सवय असेल तर ती मोडा. रेखाटनाची वही प्रयोगशाळेच्या ओट्यावर ठेवू नका. ती घरी जाणार असते आणि ओट्यावर काय सांडलं होतं ते तुम्हाला माहीत नसतं. मोबाईलनं फोटो काढण्याआधी दरवेळी विचारा. फळ्यावरचे आकडे अप्रकाशित असतात, आणि नमुन्यांच्या डब्यांवर नावं असू शकतात.

रुग्णालयात असाल तर वॉर्डातल्या मामा-मावशींशी ओळख करून घ्या. कुठल्या वेळी राउंड असतो, कुठे उभं राहिलं की स्ट्रेचर अडत नाही, केसपेपर कुठून कुठे जातात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. सिस्टरना विचारल्याशिवाय कुठल्याही खाटेजवळ जाऊ नका.

या दिवसांत रेखाटनांपेक्षा शब्द जास्त टिपा. "कल्चर" म्हणजे तुमच्यासाठी संस्कृती, त्यांच्यासाठी वाढवलेले जंतू किंवा पेशी. "आवाज" म्हणजे त्यांच्या लेखी मोजमापातला गोंधळ. "नमुना" शब्दावर तर दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांना डोकं हलवून होकार देतात आणि महिनाभरानं कळतं की एक जण डिझाइनबद्दल बोलत होता आणि दुसरा रक्ताबद्दल.

परवानगी: इथे घाई केलीत तर पुढचं सगळं वाया

१९५१ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स या कर्करोगाच्या रुग्णबाईच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता संशोधनासाठी घेतल्या गेल्या. त्या 'हीला' पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढतात. तिच्या वारसांची एका मोठ्या कंपनीशी तडजोड व्हायला २०२३ उजाडलं. म्हणून "पेशी तर फ्रीजमध्ये पडूनच आहेत, वापरू या की" असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबा.

भारतात माणसांवरच्या आरोग्य संशोधनासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत. संस्थेची नैतिकता समिती त्यांप्रमाणे चालते. समितीत ७ ते १५ जण असतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो, आणि कायद्याचा जाणकार, समाजशास्त्रज्ञ आणि सामान्य नागरिक हेही असतात. तो सामान्य नागरिक तुमचा खरा वाचक समजा. तुमचा प्रस्ताव त्याला कळला तर बाकीच्यांना कळतोच.

प्रस्तावाचं परीक्षण तीन प्रकारे होतं: सूट, शीघ्र परीक्षण किंवा पूर्ण समितीपुढे चर्चा. कुणाचीही ओळख नसलेल्या, आधीच जाहीर झालेल्या माहितीवरचं काम बहुधा पहिल्या प्रकारात बसतं. रुग्णांना भेटणार असाल, त्यांचा आवाज किंवा चेहरा घेणार असाल, तर पूर्ण समिती धरून चला. कुठला प्रकार लागू होतो हे तुम्ही किंवा तुमचे डॉक्टर ठरवत नाहीत, समिती ठरवते. समिती रोज बसत नाही; कागद आधी काही आठवडे द्यावे लागतात, शंका येतात, मग पुढची बैठक. प्रदर्शनाची तारीख ठरवताना यासाठी चार ते सहा महिने धरा. हा वेळ मोकळा जात नाही: साहित्याच्या चाचण्या, जाहीर माहितीवरचं काम, छपाईचे नमुने याच काळात होतात.

मुख्य संशोधक म्हणून डॉक्टरचं नाव जाईल, तुमचं सहसंशोधक म्हणून. प्रस्तावात कलाकृती कशी असेल हे नेमकं सांगता येत नाही, आणि समितीला नेमकंच हवं असतं. यावर उपाय म्हणजे मर्यादा लिहिणं. काय करणार त्याऐवजी काय करणार नाही ते ठामपणे मांडा: चेहरा दाखवणार नाही, संमतीशिवाय नाव येणार नाही, मूळ ध्वनिमुद्रण अमुक काळापलीकडे ठेवणार नाही. वस्तू विकणार असाल तर तेही स्पष्ट लिहा.

संमतिपत्राबाबत एक चूक फार वेळा होते. रुग्णानं संशोधनाला दिलेली संमती कलाकृतीला लागू होत नाही, शस्त्रक्रियेला दिलेली तर मुळीच नाही. वेगळं संमतिपत्र करा, रुग्णाच्या भाषेत. त्यात चौकटी निरनिराळ्या ठेवा: प्रदर्शनात दाखवायला हो की नाही, इंटरनेटवर हो की नाही, पुस्तकात, विक्रीत, नाव द्यायला. काही रुग्णांना नाव हवं असतं. गोपनीयतेच्या नावाखाली त्यांना गप्प करणं हाही अन्यायच. लिहिता-वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवून अंगठा घ्यायचा. "माझं काम मागे घेतो" असं सांगण्याची शेवटची तारीख छापा, उदाहरणार्थ छपाईला जाण्याआधी ३० दिवस. आणि संमती उपचार करणाऱ्या डॉक्टरनं मागू नये. नाही म्हटलं तर उपचारात कसूर होईल, असं रुग्णाला वाटू शकतं. येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी जरूर द्या, पण रक्कम एवढी नको की केवळ पैशासाठी कुणी हो म्हणेल.

अ‍ॅनाटॉमी विभागातले बरण्यांमधले नमुने पाहून हात शिवशिवतात, ते साहजिक आहे. पण देहदान करणाऱ्यानं ते वैद्यकीय शिक्षणासाठी केलेलं असतं, कलादालनासाठी नाही. विभागप्रमुखांची लेखी परवानगी नसेल तर तिथे रेखाटनसुद्धा करू नका.

नाव पुसणं म्हणजे नेमकं काय पुसणं

सीटी आणि एमआरआयच्या फाइली डायकॉम स्वरूपात येतात. फाइलचं नाव बदललं म्हणजे रुग्णाचं नाव गेलं, असं होत नाही. आतल्या शीर्षनोंदीत नाव, जन्मतारीख, रुग्णालयाचा क्रमांक, तपासणीची तारीख-वेळ असते. सोनोग्राफीत तर नाव बऱ्याचदा चित्रातच कोरलेलं असतं, ते नोंद पुसून जात नाही, कापावं किंवा झाकावं लागतं. डोक्याच्या स्कॅनमधून चेहऱ्याची त्रिमित प्रतिकृती उभी करता येते, म्हणून चेहऱ्याचा भाग काढणारं सॉफ्टवेअर चालवावं लागतं. पॅथॉलॉजीची काच पूर्ण स्कॅन केली की त्याच फाइलमध्ये काचेवरच्या लेबलचं वेगळं छोटं चित्र लपलेलं असतं; ते विसरून फाइल पाठवली जाते. ईसीजीच्या पट्टीवर वरच्या कडेला नाव असतं.

हे सगळं पुसण्याचं काम रुग्णालयाच्या संगणकावर, रुग्णालयाच्या माणसानं करायचं. तुमच्या लॅपटॉपवर फाइल येते तेव्हा ती आधीच निनावी असायला हवी. आजार फार दुर्मीळ असेल तर नाव नसतानाही गाव आणि वय सांगितलं की ओळख पटते. अशा वेळी गाव गाळा.

साहित्याशी झटापट

*सूक्ष्मदर्शकातली चित्रं.* पडद्यावर झकास दिसणारं चित्र भिंतीवर फुटतं, ही नवख्यांची पहिली निराशा. हिशोब सोपा आहे. १०२४ बाय १०२४ पिक्सेलचं चित्र ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, छापलं तर जेमतेम ८.७ सेंटिमीटर होतं. ए-१ आकाराला त्याच घनतेसाठी ७०१६ बाय ९९३३ पिक्सेल लागतात. दोन मीटरवरून बघायच्या चित्राला १५० डीपीआय पुरतात, तरीही दोन्ही बाजूंना निम्मे पिक्सेल हवेतच. म्हणून चित्र घेतानाच शेजारशेजारच्या चौकटी जोडून मोठं चित्र मागा. नंतर संगणकावर ताणून काही उपयोग नाही. जे टिपलंच नाही ते येणार कुठून? मूळ फाइल टिफ किंवा उपकरणाच्या स्वतःच्या स्वरूपात घ्या, जेपेगमध्ये नको, आणि त्या उघडायला फिजी हे मोफत सॉफ्टवेअर चालतं. पॅथॉलॉजीच्या अख्ख्या काचेची फाइल शेकडो एमबी ते काही जीबी असते. ती क्यूपाथ या सॉफ्टवेअरमध्ये उघडा.

रंगांचं मूळ समजून घ्या. पॅथॉलॉजीच्या नेहमीच्या काचेत हिमॅटॉक्सिलिननं पेशीकेंद्रं निळीजांभळी आणि इओसिननं बाकीचं गुलाबी होतं. उतीचा काप ४-५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाड असतो. हा रंग खराच काचेवर असतो. चमकणारे रेणू लावून घेतलेल्या फ्लुरोसन्स चित्रातला रंग मात्र बऱ्याचदा सॉफ्टवेअरनं नेमून दिलेला असतो, कारण कॅमेऱ्यानं फक्त प्रकाशाची तीव्रता मोजलेली असते. तिथे तुम्हाला मोकळीक आहे. लाल-हिरवी जोडी टाळा, रंगांध प्रेक्षकांना ती वेगळी कळत नाही, किरमिजी-हिरवी घ्या. रंग बदललेत तर पाटीवर तसं लिहा.

पाटीवर "४०० पट मोठं" असंही लिहू नका. तो सूक्ष्मदर्शकाचा आकडा. छापल्यावर तो खोटा ठरतो. २०० मायक्रॉन रुंदीचं दृश्य ६० सेंटिमीटर रुंद छापलं तर ते ३००० पट झालं. मोजपट्टी चित्रातच ठेवली की ती चित्राबरोबर मोठी होते आणि खरी राहते.

*सीटीपासून शिल्प.* थ्रीडी स्लायसर हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. डायकॉम मालिका उघडा आणि घनतेची मर्यादा ठरवा. हाउन्सफील्ड मोजपट्टीवर हवा उणे १०००, पाणी ०. हाडासाठी २०० ते ३०० च्या वरचं निवडून बघा. मग सुटे ठिपके काढून टाका, हलकं गुळगुळीत करा आणि एसटीएल फाइल, म्हणजे त्रिमित प्रिंटरला लागणारी फाइल, काढा. इथे बिघडतं ते असं. काप ५ मिलिमीटर जाडीचे असतील तर शिल्पावर घाटाच्या पायऱ्यांसारख्या पायऱ्या येतात. १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ मालिका हवी. रुग्णालयं जागा वाचवायला पातळ काप काही काळानं पुसतात, म्हणून मागणी लवकर करा. शिरेत रंगद्रव्य देऊन काढलेल्या सीटीत रक्तवाहिन्या हाडाइतक्याच घन दिसतात आणि हाडाला चिकटून येतात. रंगद्रव्याशिवायची मालिका मागा. दातात धातूचं भरण असेल तर जबड्यातून काटेरी किरण निघाल्यासारखे दिसतात, ते हातानंच खोडावे लागतात. डोळ्याच्या खोबणीचं हाड इतकं पातळ असतं की तिथे भोकं पडतात. ती नैसर्गिक नाहीत हे लक्षात ठेवा. ०.४ मिलिमीटरच्या तोटीच्या प्रिंटरवर १ मिलिमीटरहून पातळ भिंती आधार काढताना तुटतात. आणि अख्खी कवटी खऱ्या आकारात छापायला दिवसाहून जास्त लागतो, म्हणून आधी ३० टक्के आकारात चाचणी घ्या.

*ईसीजी विणणं, भरणं, वाजवणं.* नवख्यांसाठी हे सर्वात माफक खर्चाचं. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर सरकतो आणि १ मिलिव्होल्टला रेषा १० मिलिमीटर चढते. मिनिटाला ७५ ठोके म्हणजे दर ०.८ सेकंदाला एक ठोका, म्हणजे कागदावर २० मिलिमीटर. कागदावरचा १ मिलिमीटरचा चौकोन म्हणजे कापडावरचा एक टाका धरलात, तर आलेख हाच कशिद्याचा नकाशा होतो. रेषा सुबक दिसावी म्हणून शिखरं सारखी करू नका. ठोक्यांमधलं थोडं कमीजास्त अंतर निरोगी हृदयातही असतं, आणि हृदयरोगतज्ज्ञ पाहुणा पहिल्यांदा तेच बघतो.

*जिवंत जंतू.* पेनिसिलिनवाले अलेक्झांडर फ्लेमिंग रंगद्रव्य तयार करणाऱ्या जंतूंनी चित्रं काढत. अमेरिकन सोसायटी फॉर मायक्रोबायोलॉजी २०१५ पासून आगारावरच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीसारख्या थरावरच्या, चित्रांची स्पर्धा घेते. हे काम घरच्या ओट्यावर करायचं नाही, सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, तिथल्या माणसाच्या देखरेखीखाली करायचं. न्यूट्रिएंट आगारची पूड डब्यावरच्या प्रमाणात, साधारण लिटरला २८ ग्रॅम. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, १२१ अंशांवर १५ मिनिटं. ५० अंशांपर्यंत निवल्यावर ९० मिलिमीटरच्या पेट्रीडिशमध्ये अंदाजे २० मिलिलिटर ओता. गरम ओतलंत तर झाकणाला वाफ धरते आणि थेंब चित्रावर पडतात. पृष्ठभाग पुरता कोरडा होऊ द्या, नाहीतर रेषा फुटतात. सुरुवातीला पिवळा मायक्रोकॉकस ल्यूटिअस किंवा पावाचं यीस्ट घ्या. लाल रंगाच्या मोहानं सेरेशिया मार्सेसन्स मागितला जातो, पण तो अशक्त माणसाला आजारी पाडू शकतो, आणि त्याचा लाल रंग ३७ अंशांना नीट येतही नाही, ३० च्या खाली येतो.

काढताना रेषा जवळजवळ दिसत नाही. चित्र एक-दोन दिवसांनी उगवतं. डिश उलटी ठेवा. २४ आणि ४८ तासांनी फोटो काढा, त्यानंतर वसाहती पसरून एकमेकींत शिरतात. ४ अंशांच्या फ्रीजमध्ये वाढ मंदावते, थांबत नाही. प्रदर्शनात जिवंत डिश नको, फोटो ठेवा. काम संपल्यावर डिश ऑटोक्लेव्ह करून २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीत. जनुकीय बदल केलेले जंतू वापरायचे असतील तर संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची वेगळी परवानगी लागते.

जिवंत वस्तू कुणाचं ऐकत नाही. ऑस्ट्रेलियातल्या ओरॉन कॅट्स आणि आयोनॅट झर यांनी उंदराच्या पेशींपासून वाढवलेला बाहुलीएवढा कोट २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये मांडला होता. पेशी अपेक्षेपेक्षा जोरात वाढल्या, आणि शेवटी क्युरेटरला तो बंद करावा लागला, म्हणजे मारावा लागला. तेव्हा बंद कोण करणार, कधी करणार आणि प्रेक्षकांना काय सांगणार, हे उद्घाटनाआधी लिहून ठेवा.

रुग्णांबरोबर थेट काम

सर्वात अवघड आणि माझ्या मते सर्वात मोलाचा प्रकार. डेबोरा पॅडफील्ड या ब्रिटिश छायाचित्रकारानं लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातल्या वेदनातज्ज्ञाबरोबर जुनाट दुखण्याच्या रुग्णांना घेऊन छायाचित्रं घडवली. दुखणं कसं आहे हे रुग्ण सांगत, वस्तू सुचवत, चौकट ठरवत. पुढे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या रुग्णालयात चेहऱ्याच्या वेदनेच्या रुग्णांबरोबर उपचाराआधी, उपचार चालू असताना आणि नंतर अशी चित्रं झाली. त्यांतून निघालेली चित्रकार्डं तपासणीच्या खोलीत वापरून पाहिली गेली: रुग्ण कार्ड निवडतो आणि बोलणं "दहापैकी किती दुखतं" याच्या पुढे जातं.

तुम्ही असं काही करणार असाल तर सत्र ६० ते ९० मिनिटांचं ठेवा, एका वेळी पाच-सहा जण. ओपीडीच्या दिवशीच सत्र ठेवलंत तर त्यांची एक खेप वाचते. खुर्ची पाठ टेकता येईल अशी हवी. पहिल्या सत्रात कॅमेरा काढू नका. घरातली एखादी वस्तू आणायला सांगा. काका, मावशी, ताई म्हणून बोला, "पेशंट" म्हणून नाही. कुणी रडू लागलं तर काय करायचं हे आधी ठरलेलं असावं: संस्थेतला समुपदेशक त्या वेळी इमारतीत असला पाहिजे, नुसता फोन नंबर पुरत नाही.

मुंबईत या धर्तीचं काम झालं आहे. स्नेहा ही संस्था आणि तिच्याबरोबरचे आरोग्य संशोधक यांनी वेलकम ट्रस्ट या ब्रिटिश निधीसंस्थेच्या मदतीनं फेब्रुवारी-मार्च २०१५ मध्ये धारावी बिनाले हे कलाप्रदर्शन भरवलं. रहिवासी, कलाकार आणि आरोग्याचे जाणकार यांच्या कार्यशाळांतून वस्तू घडल्या, आणि त्या दक्षिण मुंबईतल्या कलादालनांच्या काळा घोडा भागात न नेता धारावीतच मांडल्या. जागेची ही निवडच अर्धं काम करते. ज्यांचं आहे त्यांना लोकलचं तिकीट काढून बघायला यावं लागलं तर कुठेतरी चुकलंय.

करार, पैसा, श्रेय

मैत्री असली तरी दोन पानांचा करार करा. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच लागतात. मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. सूक्ष्मदर्शकावरची मूळ चित्रं नोकरीचा भाग म्हणून घेतलेली असतील तर त्यांचा हक्क बहुधा संस्थेचा असतो, तुमच्या मित्र-शास्त्रज्ञाचा नाही. सही योग्य माणसाची घ्या.

करारात हे यावं: मूळ चित्रं कुणाची, तयार वस्तू कुणाची, विकली तर वाटणी कशी, पाटीवर नावं कुठल्या क्रमानं, संशोधकाला परिषदेत वापरायची मुभा, आणि अप्रकाशित निष्कर्ष कधीपर्यंत झाकून ठेवायचे. शेवटचा मुद्दा क्षुल्लक नाही. पेटंटच्या अर्जाआधी गोष्ट जाहीर दाखवली तर तिचं नावीन्य धोक्यात येतं, आणि निबंध छापून येण्याआधी आकृती भिंतीवर लागली तर नियतकालिक हरकत घेऊ शकतं. यावरून उद्घाटनाच्या आदल्या रात्री चित्रं उतरवावी लागतात. निबंधाची अपेक्षित तारीख विचारा आणि तिच्यात सहा महिने मिळवा.

खर्चाचा अंदाज काढताना नवखे लोक छपाई आणि फ्रेम मोजतात. उपकरणाच्या तासांचं भाडं, भाषांतर, साक्षीदाराचं मानधन, रुग्णांचा प्रवास, विमा आणि कचऱ्याची विल्हेवाट विसरतात. स्वतःचं मानधनही लिहा. प्रयोगशाळेत रसायनांची बिलं सगळ्यांना समजतात, कलाकाराचा वेळ मात्र छंद वाटतो.

मांडताना

उद्घाटनाआधी दोन खासगी फेऱ्या करा. पहिली संशोधकासाठी, तथ्याच्या चुका काढायला: उलटं टांगलेलं चित्र, चुकीचं एकक, डावा-उजवा बदललेला फुप्फुसाचा एक्स-रे. एक्स-रे बघताना रुग्णाची डावी बाजू आपल्या उजवीकडे येते, आणि फ्रेमवाला "हृदय डावीकडे हवं ना" म्हणत हमखास उलटा बसवतो. दुसरी फेरी सहभागी रुग्णांसाठी, चहा-पोह्यांसह, पत्रकार आणि पाहुणे नसताना. या फेरीत कुणी म्हणालं की माझं काढून ठेवा, तर कागदावरची मुदत उलटून गेलेली असली तरी काढा.

पाटीवर चित्र कशाचं, कुठल्या पद्धतीनं घेतलेलं, रंग मूळचे की भरलेले, मोजपट्टी आणि संमतीची एक ओळ असावी, मराठीत आणि मोठ्या अक्षरात. "मानवी ऊती" असं लिहून थांबू नका. सामान्य माणसाला यकृत, त्वचा, आतडं कळतं. प्रदर्शन उतरल्यावर उरलेल्या प्रती, फाइली आणि ध्वनिमुद्रणं यांची यादी करून संमतिपत्रात लिहिल्याप्रमाणे परत करा किंवा नष्ट करा, आणि तसं पत्र नैतिकता समितीला पाठवा. ते पत्र पोहोचेपर्यंत प्रकल्प कागदोपत्री चालूच असतो.